कळ थांबली म्हणजे खडा पडला का?

आज मुतखड्याबद्दल बोलू. मी रेडिओलॉजिस्ट, त्यामुळे पेशंटची नि माझी भेट सोनोग्राफीच्या टेबलावरच होते. आणि बऱ्याचदा प्रोब टेकवायच्या आधीच अंदाज येतो. अपेंडिक्स सुजलेला माणूस निपचित पडून राहतो, कारण हललं की दुखतं. मुतखडेवाला एका जागी ठरतच नाही. या कुशीवर, त्या कुशीवर, उठून फेऱ्या. कळ पाठीत बरगड्यांखाली उठते आणि जांघेकडे उतरते. सोबत मळमळ, उलटी. लघवी लाल होईलच असं नाही. कधी रक्त फक्त तपासणीत सापडतं, कधी तिथेही नाही.

खडा किडनीत असेपर्यंत अनेकांना पत्ताही नसतो. तो मूत्रवाहिनीत उतरला की खरा त्रास. ही नळी जेमतेम ३-४ मिलिमीटरची, त्यात तीन जागा जास्तच अरुंद. किडनीतून निघते ती एक, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते ती दुसरी, मूत्राशयात शिरते ती तिसरी. या तिसऱ्या जागी अडकला तर सारखं लघवीला लागतं, थेंबथेंब होते, आणि लोक 'उन्हाळी लागली' म्हणून सब्जा पीत बसतात.

आता रिपोर्ट. सोनोग्राफीत खडा पांढरा चमकतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते, कारण ध्वनिलहरी पलीकडे जात नाहीत. पण मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यांतल्या गॅसमागे लपतो. म्हणून 'खडा दिसला नाही, हायड्रोनेफ्रोसिस आहे' असं वाचून 'चला, खडा नाही' म्हणू नका. त्या अवघड शब्दाचा अर्थ, लघवी तुंबून किडनी फुगली आहे. वाट कोणीतरी अडवलीय.

एक्स-रेत कॅल्शियमचे खडे बहुधा दिसतात, युरिक अ‍ॅसिडचे नाहीत. शिवाय ओटीपोटातल्या शिरांमध्ये कॅल्शियमचे गोल ठिपके असतात, ते हुबेहूब खड्यासारखे दिसून फसवतात. साध्या सीटीत, म्हणजे शिरेत औषध न देता केलेल्या, जवळपास सगळेच खडे दिसतात, घनताही मोजता येते. आकडा ५००च्या आत असेल तर युरिक अ‍ॅसिडचा संशय घेतो, आणि तो खडा औषधानं विरघळू शकतो. हजाराच्या वर गेला की बहुतेक कॅल्शियमचा, तो काही विरघळत नाही. गरोदर बाईला मात्र आधी सोनोग्राफीच.

पंचविशीतला एक मुलगा आठवतो. मूत्रवाहिनीत ६ मिलिमीटरचा खडा होता. दोन दिवसांत कळ थांबली, रीलमध्ये पाहिलेला काढा घेतला, खडा विरघळला असं ठरवून टाकलं. पुन्हा सोनोग्राफी केलीच नाही. सात-आठ महिन्यांनी ऑफिसच्या हेल्थ चेकअपला आला. दुखणं शून्य. स्क्रीनवर उजवी किडनी पाण्याच्या फुग्यासारखी, भोवतीचा मांसल थर अगदी पातळ. खडा होता तिथेच.

असं का होतं? कळ येते ती तुंबलेल्या लघवीचा दाब अचानक वाढतो म्हणून. काही दिवसांनी दाब उतरतो, कळ थांबते, अडथळा मात्र तसाच राहू शकतो. आणि आठवडेच्या आठवडे वाट बंद राहिली तर किडनीचं काम कायमचं घटतं. पुन्हा सोनोग्राफी सांगतात ती यासाठी. दुसरी किडनी काम उचलते, त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिनही नॉर्मल येऊ शकतं.

खड्यासोबत थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा. तुंबलेल्या लघवीतलं इन्फेक्शन रक्तात जायला वेळ लागत नाही.

५ मिलिमीटरच्या आतले खडे बहुतेक वेळा आपणहून पडतात. बिअरनं पडतात हे हॉस्टेलचं शास्त्र, ते तिथेच राहू द्या. डॉक्टरांनी वाट बघायला सांगितली असेल तर चहाची एक जुनी गाळणी बाथरूममध्ये ठेवा आणि लघवी तिच्यातून गाळा. खडा सापडला की फ्लश करू नका. कोरड्या डबीत घालून घेऊन या, लॅबमध्ये तो कशाचा बनलाय ते कळतं.