राखीव वैमानिक

आपल्या बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्यासारख्या गावात हेलिकॉप्टर उतरायचं म्हटलं की धूळ बसावी म्हणून मैदानात टँकरने पाणी मारतात, फक्कीने गोल आखून त्यात मोठा एच काढतात, आणि बाजूला ओल्या गवताचा धूर करतात. वारा कुठला आहे, हे वैमानिकाला त्या धुरावरून कळतं.

पुरात यातलं काहीच नसतं. सप्टेंबर 2025 मध्ये आपल्याच आष्टी तालुक्यात अडकलेल्या माणसांना लष्कराच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढलं. पाऊसवाऱ्यात, विजेच्या तारा चुकवत हेलिकॉप्टर एका जागी तोलून धरणं हे फार अवघड कसब आहे, आणि उडत राहिलं तरच ते हातात राहतं.

अमेरिकी नौदलाने हे ओळखलं होतं. व्हिएतनाम युद्धात 1967 साली उभारलेलं त्यांचं ‘सी वुल्व्ह्ज’ हे हेलिकॉप्टर स्क्वाड्रन 1972 मध्ये मोडलं. पण ती विद्या मरू नये म्हणून 1976 पासून राखीव दलात नवी स्क्वाड्रन उभी राहिली. त्यातले बरेच जण एरवी आपापला नोकरीधंदा करत आणि सराव मात्र सोडत नसत. 1991 च्या आखाती युद्धात पडलेल्या विमानांच्या वैमानिकांना सोडवून आणायला याच राखीव मंडळींना सौदी अरेबियात पाठवलं. त्यांच्यातलं ‘रेड वुल्व्ह्ज’ हे स्क्वाड्रन 2016 मध्ये बंद झालं. मला ती मोठी चूक वाटते.

आपल्याकडेही 1952 मध्ये राखीव आणि सहायक हवाई दलाचा कायदा झाला. दिल्ली, मुंबई, मद्रास इथे सहायक स्क्वाड्रन निघाली आणि नागरी जीवनातली माणसं हार्वर्ड विमानं उडवायला शिकली. हवाई दलात पहिली हेलिकॉप्टरं 1954 मध्ये आली, पण या सहायक पथकांचा भर विमानांवरच राहिला. पुढे ती पथकंही उरली नाहीत.

आज लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक नाशिकला तयार होतात. कॅप्टन अभिलाषा बराक यांना 2022 मध्ये तिथेच वैमानिकाचं पदचिन्ह मिळालं. नाशिक ते सिरसाळा हवाई अंतर सुमारे 300 किलोमीटर, म्हणजे चेतक हेलिकॉप्टरला दीड तासाच्या वर. एका टाकीत ते साधारण 500 किलोमीटर जातं, तेव्हा परतायला वाटेत इंधन घ्यावंच लागणार. छतावर बसलेल्या कुटुंबाला हा दीड तास फार मोठा असतो.

सैन्यातून निवृत्त झालेले कसलेले वैमानिक महाराष्ट्रात आहेत. त्यांचा सराव चालू ठेवून पावसाळ्याचे चार महिने एक राखीव पथक लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावर सज्ज ठेवावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे. आणि ग्रामपंचायतींनी एवढं करावं: तारा आणि झाडं नसलेली, पुराचं पाणी न चढणारी उंचवट्यावरची एक जागा मे महिन्यातच ठरवून तहसीलला कळवावी.