वैमानिकाच्या शिक्षणाचा घरगुती जमाखर्च

गेल्या मार्गशीर्षांत एके संध्याकाळीं माझा एक जुना विद्यार्थी सदाशिव पेठेंतील माझ्या घरीं आला. बरोबर त्याचा अठरा वर्षांचा मुलगा, दहावींत शिकणारी मुलगी आणि हातांत कापडी पिशवी. पिशवींतून त्यानें राहत्या घराचें खरेदीखत काढलें व म्हणाला, "गुरुजी, याला वैमानिक व्हायचें आहे. बँक कर्ज द्यावयास तयार आहे, पण घर तारण मागते. सही करूं का?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेंत अंकगणित शिकविण्यांत उभा जन्म घालविलेला मनुष्य. विमानांत आजवर एकदांच बसलों, तेंही डोळे मिटून. परंतु विचारलेला प्रश्न विमानाचा नव्हता, त्रैराशिकाचा होता. म्हणून मीं वही पुढें ओढली.

मुलाची हौस उसनी नव्हती. लहानपणीं हडपसरच्या माळावर त्यानें ग्लायडर उडतांना पाहिलें, तेव्हांपासून त्याची मान आभाळाकडेच. अशा हौसेची वडील माणसांनीं थट्टा करूं नये. १९२९ सालीं जे. आर. डी. टाटा यांस भारतांतील पहिला वैमानिक-परवाना मिळाला, तेव्हां उड्डाण ही धनिकांची क्रीडा होती. पुढें १९८५ सालीं कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनीं केवळ स्त्रियांचें पथक घेऊन कलकत्त्याहून सिलचरला विमान नेलें. आज आपल्या जिल्ह्यांत बारामतीसही उड्डाण शिकतां येतें. दार उघडलें खरें. उंबरठा मात्र उंचच राहिला.

व्यावसायिक परवान्यास २०० तासांचें उड्डाण लागतें. सर्व शिक्षणाचा खर्च आज बहुधा ४० लाख रुपयांच्या पुढें जातो; आपण हिशेबास ४० लाखच धरूं. म्हणजे तासास २०,००० रुपये, मिनिटास ३३३! पावसाळ्यांत ढग खालीं उतरले कीं विद्यार्थी जमिनीवर बसतो, परंतु खोलीचें भाडें व खानावळ कांहीं जमिनीवर बसत नाहींत.

आतां कर्ज. दसादशे १० व्याजानें ४० लाख रुपये १० वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारें ५३,००० रुपये. एवढें बापानें घरूनच मांडून आणलें होतें. मीं वही मुलाकडे सरकविली व म्हटलें, "शिक्षणाचीं दोन वर्षें आणि नोकरीची वाट पाहण्याचें एक, अशा तीन वर्षांचें व्याज साचूं दे, मग मांड." सरळव्याजानेंच १२ लाख झाले आणि ५२ लाखांवरचा हप्ता ६८,००० च्या वर गेला. मुलगा बराच वेळ पेन्सिलीचें टोंक पाहत राहिला.

श्रोतेहो, हें वाट पाहण्याचें वर्ष बहुतेक घरें हिशेबांत धरीतच नाहींत. परवाना मिळणें म्हणजे नोकरी मिळणें नव्हे. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ यांसारखें मोठें विमान चालवावयाचें तर त्या जातीच्या विमानाचें निराळें शिक्षण घ्यावें लागतें, त्याचे लाखों रुपये पुन्हां निराळे. शिवाय कंपन्या कायमच्या नसतात. किंगफिशर २०१२ सालीं थांबली, जेट एअरवेज २०१९ सालीं, गो फर्स्ट २०२३ सालीं. प्रत्येक वेळीं अनुभवी वैमानिकही नोकरी शोधूं लागले, आणि नवशिक्यांची रांग त्यांच्यामागें लागली. परवाना कपाटांत ठेवून ताजा राहत नाहीं. उड्डाण चालू ठेवावें लागतें, वैद्यकीय तपासणी पुनःपुन्हां करावी लागते. तो खर्च बेकारींतच यावयाचा.

"खडकवासल्याला जावें का?" बापानें विचारलें. तेथें शिक्षणाचा भार सरकार उचलतें हें खरें. परंतु ती सैनिकाची वाट आहे. स्वस्त पडते म्हणून ती धरणें मला उचित वाटत नाहीं.

मग मीं वहींत चार ओळी आंखल्या. पहिली मुलाच्या उड्डाणाची, दुसरी आजीच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेची, तिसरी बापाच्या सेवानिवृत्तीची, जी आठ वर्षांवर आली आहे. या तिन्हींत आंकडे पडले. चौथी मुलीच्या शिक्षणाची. ती रिकामी राहिली. मुलगी हंसून म्हणाली, "माझें काय आजोबा, मी कॉमर्सला जाईन."

येथें मला थोडें स्वतःचें सांगावें लागेल. माझें शिक्षण मॅट्रिकवर थांबलें तें थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या कर्जापायीं. कोणीं मला 'शिकूं नकोस' म्हटलें नाहीं. कोणीं विचारलेंच नाहीं, इतकेंच. मीही असाच हंसलों होतों. म्हणून बापाला मीं सांगितलें, "चौथी ओळ भरल्याशिवाय सही करूं नकोस."

बाकी क्रम सोपा आहे. प्रथम वैद्यकीय तपासणी, वर्ग दोनची व मग वर्ग एकची. डोळ्यांत किंवा कानांत दोष असेल तर तो हजारांत कळावा, लाखांत नव्हे. मग नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षा: हवाई नियम, मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र व तांत्रिक विषय. शंभरांत ७० गुण लागतात. या परीक्षा बी. एस्सी. करतां करतां देतां येतात, आणि ती पदवी पुढें वाट पाहण्याच्या वर्षीं पोटाला उपयोगीं पडते. हें पार पडल्यावर कर्ज. तेंही हप्त्याहप्त्यानें उचलावें. संस्थेस सारें शुल्क एकरकमी देऊं नये, जितके तास उड्डाण तितके पैसे असा करार मिळेल तेथेंच जावें. सहा महिन्यांचे हप्ते भरतील इतकी शिल्लक निराळी ठेवावी, आणि आजीचे गुडघे तींत मोजूं नयेत.

गेल्या आठवड्यांत तिघेंही पुन्हां आलीं. तपासण्या झाल्या आहेत. लेखी विषयांपैकीं नियम व हवामानशास्त्र सुटले. मार्गनिर्देशनांत मुलाला ६४ गुण पडले, तो विषय पुन्हां द्यावयाचा आहे. खरेदीखत अद्याप कपाटांतच आहे. वही या वेळीं मुलीनें आणली होती. चौथ्या ओळींत तिनें स्वतःच्या अक्षरांत पशुवैद्यकाच्या साडेपांच वर्षांचा खर्च लिहिला होता, आणि शेजारीं लिहिलें होतें, 'वसतिगृह धरून'.