ज्येष्ठांचे आरोग्य आणि हातातील यंत्र
(व्याख्यान)



पन्नास वर्षांपूर्वी घरातील वडीलधारे आजारी पडले की डॉक्टर बॅग घेऊन घरी येत. नाडी पाहता पाहता चार शब्द विचारत आणि त्या बोलण्यातच दुखण्याचा बराचसा उलगडा होत असे. आज नाडीचे ठोके मनगटावरील घड्याळ मोजते, रक्तदाब टेबलावरील यंत्र सांगते आणि डॉक्टर मोबाईलच्या पडद्यावर भेटतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षे व त्यावरील नागरिक सुमारे १०.३८ कोटी होते. ज्या पिढीने पोस्टकार्डावर खुशाली कळवली, तिलाच उतारवयात ही नवी लिपी शिकावी लागत आहे.

हे परिवर्तन कोरोनाच्या काळात एकाएकी दाराशी आले. २५ मार्च २०२० रोजी दूरध्वनी व व्हिडिओद्वारे रुग्ण तपासण्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने प्रसिद्ध केली. एप्रिल २०२० मध्ये ई-संजीवनीची घरबसल्या सल्ला देणारी सेवा सुरू झाली. १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील नागरिकांना लस मिळू लागली, तेव्हा कोविनवर नाव नोंदवताना अनेक आजोबांना नातवंडांचा हात धरावा लागला.

यंत्र घरात आले, तरी ते वापरण्याचीही रीत आहे. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. पाठीला आधार, पाय जमिनीवर टेकलेले आणि दंडावरील पट्टा हृदयाच्या पातळीवर असावा. मिनिटभराच्या अंतराने पुन्हा मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. जिना चढून आल्याबरोबर दिसलेल्या आकड्याने घाबरून गोळी वाढवणे धोक्याचे आहे. ऑक्सिमीटरही बोट थंड असेल किंवा नखावर गडद रंग असेल तर चुकीचा आकडा दाखवू शकतो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर उपवासात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून उपवास, आयंबिल वा चौविहार करणाऱ्या अशा ज्येष्ठांनी तो नेम डॉक्टरांना आधीच सांगावा. यंत्राला तो ठाऊक नसतो.

खरा प्रश्न मात्र यंत्राच्या पलीकडे आहे. समजा, एका आजींची डॉक्टरांशी व्हिडिओवर भेट ठरली आहे. फोन मुलाच्या हातात आहे. डॉक्टर विचारतात, "आजी, झोप लागते का?" आजींनी तोंड उघडण्यापूर्वीच मुलगा उत्तर देतो, "हो, झोप चांगली आहे." आजी गप्प बसतात. रात्री चार वेळा उठावे लागते, मध्यंतरी न्हाणीघरात तोल गेला होता, हे सर्वांसमोर सांगण्याचा त्यांना संकोच वाटतो. संपर्क उत्तम झाला, औषधाची चिठ्ठीही मोबाईलवर आली. पण दुखणे सांगायचे राहून गेले. मुलाची माया खोटी नव्हती. त्याने केवळ फोनबरोबर आईचे बोलणेही आपल्या हाती घेतले. पुढच्या वेळी फोन लावून देऊन त्याने दहा मिनिटे शेजारच्या खोलीत बसावे, एवढ्यानेही पुष्कळ साधेल. समाधान न झाल्यास दूरवरचा सल्ला थांबवून प्रत्यक्ष तपासणी मागण्याचा रुग्णाला अधिकार आहे, हेही ज्येष्ठांना ठाऊक असावे.

कागदपत्रांचेही तसेच आहे. २०२१ पासून देशभर राबविल्या जाणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील 'आभा' हा १४ अंकी क्रमांक ऐच्छिक असून, त्याला जोडलेले अहवाल रुग्णाच्या संमतीनेच पाहता येतात. ही संमती ज्येष्ठांनी समजून उमजून द्यावी. कोणीतरी परस्पर बटण दाबून मोकळे होऊ नये. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान वय वंदना कार्डाने ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण दिले. त्यासाठी आधारची पडताळणी लागते. आयुष्यभर कष्ट केलेल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते ओळखत नाही. अशा वेळी ज्येष्ठांनी ओशाळू नये. चेहरा, डोळ्यांची बुबुळे किंवा मोबाईलवरील ओटीपी हे अन्य मार्ग आहेत.

हाच ओटीपी फोनवर अनोळखी माणसाला कधीही सांगू नये. कार्ड काढून देतो म्हणणारा प्रत्येक गोड आवाज हितचिंतकाचा नसतो. फसवणूक झाल्यास लाजेने लपवू नये, तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. ज्येष्ठांना अन्य मदतीसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाईन आहे.

युवकांनी आठवड्यातून एक तास आपल्या आजी-आजोबांसाठी राखून ठेवावा. मोबाईलची अक्षरे मोठी करून द्यावीत, औषधांची यादी वहीत ठळक लिहून द्यावी, एकच कृती दहा वेळा विचारली तरी अकराव्यांदा हसतमुखाने दाखवावी. याच हातांनी कधी काळी पाटीवर 'ग' गिरवून घेतला होता. तेव्हा त्यांनीही घाई केली नव्हती. यंत्र ठोके मोजील. त्या ठोक्यांमागचे मन ऐकण्यासाठी घरातील माणूसच जवळ बसावा लागतो.