पुन्हा शिट्टी



आठवीत पीटीच्या सरांनी कबड्डीच्या सामन्यात मला रेषेवर उभं केलं, तिथून पंचगिरी लागली. मग इंजिनीअरिंग, नोकरी, मुलं. शिट्टी कपाटात गेली. यंदा सतरा वर्षांनी लालबागला किशोरी गटाच्या सामन्यात उभी राहिले. माती जाऊन मॅट आली होती. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण हवाच, नाहीतर चढाई करणारी बाद. नियम पाठ केला होता, मोजणीच चुकले. रिकामी परतलेल्या मुलीला बाद दिलंच नाही.

समोरची चिमुरडी कर्णधार म्हणाली, "ताई, तिसरी होती." गुणलेखकाला विचारलं. तिचंच खरं. ऑफिसातली चूक मी रात्री गुपचूप दुरुस्त करते. इथे सगळ्यांदेखत निर्णय फिरवावा लागला. बाद झालेली मुलगी रडत बाहेर गेली. तिचा संघ एका गुणाने हरला.

पुढच्या रविवारी पुन्हा सामने आहेत. सर, शिट्टी अजून तुमचीच आहे.