गिर्येची गोदी आणि खाडीकाठचे संग्रहालय



विजयदुर्ग पाहण्यास येणारा प्रवासी तट, बुरूज आणि समुद्र पाहून परत फिरतो. ज्या आरमाराचे हे ठाणे होते, त्याची जहाजे कोठे दुरुस्त होत असत, हा प्रश्न त्याच्या मनात क्वचितच येतो. त्याचे उत्तर वाघोटन खाडीने थोडे आत गेल्यावर, देवगड तालुक्यातील गिर्ये येथे मिळते. खडक खोदून तयार केलेली मराठ्यांची गोदी तेथे आहे. तिची लांबी सुमारे ३५५ फूट आणि रुंदी सुमारे २२७ फूट आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीही या गोदीची पाहणी केलेली आहे.

गोदीची जागा निवडण्यात मोठे शहाणपण दिसते. खाडीच्या आडोशामुळे नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा मारा येथे थेट पोहोचत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज आत घ्यावे आणि ओहोटीने पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या तळाची डागडुजी करावी, हे अशा गोदीचे तंत्र. लाकूड पोखरणारे सागरी किडे आणि तळाला चिकटणारे शिंपले हे लाकडी जहाजाचे कायमचे शत्रू. वेळच्या वेळी तळ साफ झाला नाही, तर गुराब असो वा गलबत, त्याचा वेग मंदावतो. म्हणून तोफेइतकेच सुताराच्या वाकसालाही आरमारात मोल होते.

या खाडीने वैभव पाहिले, तसा विनाशही पाहिला. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत तुळाजी आंग्रे यांचे आरमार येथेच जळून गेले. पुढे पेशव्यांचे आरमार आनंदराव धुळप यांनी येथून सांभाळले. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि गोदीचे कामही इतिहासजमा झाले.

एखादा गाव आपला सागरी वारसा कसा जपू शकतो, याचे एक उदाहरण महाराष्ट्राशीच निगडित आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानाचे ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज बांधले गेले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरले. आज ते ईशान्य इंग्लंडमधील हार्टलपूल येथील सागरी संग्रहालयात आहे. हे गाव स्वतः जहाजबांधणीचे. तेथील कारखाने मात्र विसाव्या शतकात बंद पडले. १९८७ मध्ये जीर्णावस्थेतील हे जहाज तेथे आणले गेले आणि २००१ मध्ये त्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. मुंबईच्या कारागिरांचे हस्तकौशल्य आज हजारो मैलांवरील मुले हाताने स्पर्शून पाहतात. गिर्येच्या शेजारच्या शाळेतील मुलांना मात्र आपल्या गोदीची ओळख असेलच, असे खात्रीने म्हणता येणार नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा दुर्गांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांत विजयदुर्गही आहे. त्यामुळे येणाऱ्या पाहुण्यांना गोदीपर्यंत नेणे, ही आता गावाची जबाबदारी ठरते. त्यासाठी प्रारंभीच मोठ्या इमारतीची आवश्यकता नाही. शाळेची एक खोली, भिंतीवर खाडीचा नकाशा आणि मांडणीवर वाकस, करवत, रंधा, जुने नांगर व शिडाचे तुकडे, एवढ्याने संग्रहालयाचा पाया घातला जाईल. होड्या बांधणाऱ्या वृद्ध सुतारांकडून अवजारांची व जहाजाच्या भागांची स्थानिक नावे विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावीत. वस्तू कपाटात ठेवून उद्याही पाहता येईल. पण जाणता कारागीर गेला की त्याच्याबरोबर शब्दही जातात.

गोदीच्या परिसरातील दगड हलविला जाणार नाही, तेथे कचरा टाकला जाणार नाही, असा ठराव ग्रामसभेस करता येईल. उत्खनन किंवा दुरुस्ती मात्र पुरातत्त्व विभागाच्या सल्ल्यानेच व्हावी. उत्साहाच्या भरात केलेले सिमेंटकामही वास्तूचे नुकसान करते. समृद्ध वारशाचे जतन हे संविधानाच्या अनुच्छेद ५१क नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे.

भरतीचे पाणी आजही दिवसातून दोनदा गिर्येच्या खाडीत चढते. त्या पाण्यावर कधीकाळी कोणती जहाजे आत येत असत, हे सांगणारे कोणीतरी काठावर असले पाहिजे. तो मान गावातील शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी घ्यावा.