दलालाच्या तोंडची भाषा

2016 च्या रेरा कायद्याने घरांच्या दलालाला नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रात 2023 पासून परीक्षाही आली. पण त्याची खरी परीक्षा मी इथे वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पाहिली.

पहिला दलाल चटपटीत. मोबाइलवर फोटो, भाव, गिऱ्हाईक, सगळे तयार. काकूंपुढे गुजराती कागद सरकवून म्हणाला, ‘बानाखत आहे, सही करा.’

‘बाना? तो तर वारकऱ्याचा असतो.’

तो हसला. काकूंनी पेन खाली ठेवले.

दुसरा, तोही गुजरातीच, आधी चहा प्यायला. ‘काकी, बानुं म्हणजे तुमचा इसार. घर अजून तुमचंच. पण सही केलीत की मागे फिरणं अवघड.’ मग त्याने मोबाइलवरच सरकारच्या ‘एनीरॉर’वर प्रॉपर्टी कार्ड उघडले. त्यावर अजून दिवंगत काकांचेच नाव! ‘आधी वारसाची नोंद करून घ्या, मग मला बोलवा,’ म्हणाला आणि उठला. त्या दिवशी त्याला दमडी मिळाली नाही.

बानाखत म्हणजे साठेखत, दस्तावेज म्हणजे खरेदीखत. अशा शब्दांची चार पानी पुस्तिका अकादमीने काढावी. मसुदा तपासायला मी त्यालाच बोलावणार आहे.