चोप आणि टाळ
(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात केलेले भाषण)

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चार माणसांपुढं बोलायची सवय आहे ती कीर्तनाची. पण आज अभंग लावणार नाही, निरूपण करणार नाही. दिंडीला शंभर वर्षं झाली, म्हणून एका गोष्टीचा हिशोब तुमच्यापुढं मांडायचा आहे. त्यात माझी चूकही आहे.

सुरुवात वारीतूनच करतो. माउलींच्या सोहळ्यातली समाज आरती तुम्ही पाहिली आहे. तळावर पालखी मधोमध येते, भोवती दिंड्या येतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार चोप वर करतात आणि एवढा मोठा समाज एकदम गप्प होतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातात, काय झालं ते ऐकून घेतात. हरवलं-सापडलेलं सांगितलं जातं, उद्या निघायची वेळ सांगितली जाते आणि मग आरती होते.

हा सोहळा हैबतबाबा आरफळकरांनी घडवला. ते शिंदे सरकारांच्या पदरी होते, लष्कराची शिस्त त्यांना ठाऊक. पण लष्करात शिपायानं टाळ वाजवून सरदाराला थांबवलेलं कुणी ऐकलं नाही. वारीत ती मुभा आहे. चोप वरून येतो, टाळ खालून वाजतो. दोन्ही आहेत म्हणून सोहळा चालला आहे.

हीच गोष्ट मी शेतीत शिकलो, पण नुकसान सोसून शिकलो.

मी चौथी झालो आणि थोड्याच दिवसांत 1972 चा दुष्काळ आला. शाळा सुटली ती सुटलीच. आई-वडिलांबरोबर दुष्काळी कामावर गेलो. आमच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं होतं. गावात एक म्हातारे मेंढके आजोबा होते, सारा जन्म त्या माळावर गेलेला. ते साहेबाला म्हणाले, "सायब, हितं नका करू. खाली खडक भेगाळ हाय. हितलं पाणी टेकडीच्या पल्याड निघतं." साहेब म्हणाले, "बाबा, जागा नकाशात ठरली आहे." तलाव झाला. पाझर तलावातलं पाणी मुरावं, हेच त्याचं काम. पण ते मुरून आपल्या विहिरींना यायला पाहिजे ना! आमचं पाणी पल्याडच्या ओढ्याला निघालं आणि आमच्या विहिरी संक्रांतीलाच तळाला जायच्या. मजुरी मिळाली, पोटं जगली, ते उपकार विसरायचे नाहीत. पाणी मात्र मिळालं नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी आम्ही तरुण पोरं म्हणालो, साहेब नको नि नकाशा नको, आपलं आपण करू. टेकडीच्या मधल्या उतारावर चर खणले. हौस मोठी, पण माप नाही. डोळ्याच्या अंदाजानं खणलेला चर सपाट दिसतो, असतो तिरका. पहिल्या मोठ्या पावसात सगळं पाणी एका टोकाला धावलं, चर फुटला आणि खालच्या बाजरीत घुसला. ती बाजरी माझीच होती. अर्ध्या एकराची माती गेली. आता कुणाला बोल लावणार?

तिसऱ्या वेळी एक कृषी सहायक आले. त्यांनी आधी जुन्या माणसांना बरोबर घेऊन शिवार फेरी केली. पाणी कुठून येतं, कुठं दडतं, कोणती विहीर कधी आटते, सगळं विचारलं. मग एक पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं, दोन सारख्या काठ्यांना दोन टोकं बांधली. दोन्हीकडं पाणी सारख्या उंचीला आलं की ती समपातळी. तिथं फक्की टाकायची आणि पुढं सरकायचं. अडाणी माणसालाही ते घटकाभरात आलं. काम माथ्यावरून सुरू केलं आणि पायथ्याला आणलं, कारण वर पाणी अडवलं नाही तर खालचा बांध टिकत नाही. त्या साली विहिरींना चैत्रापर्यंत पाणी राहिलं. खडक कुठं भेगाळ आहे हे साहेबाला कळलं नसतं, आणि समपातळी आम्हाला कळली नसती.

आपली पालखी दिवेघाट चढून सासवडला जाते. त्याच पुरंदर तालुक्यात नायगाव आहे. त्याच 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हे इंजिनिअर तिथं आले. देवस्थानची जमीन खंडानं घेऊन आधी स्वतः पाणी अडवून दाखवलं, मग लोकांना जोडून पाणी पंचायत उभी केली. योजनेचा आराखडा जाणकाराचा. सरकारचं अनुदानही त्यात होतं, पण खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी घालायचा. पाणी जमिनीप्रमाणं नाही, माणसाप्रमाणं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. असे नियम नुसते कागदावरून येऊन टिकत नाहीत, ज्यांना पाळायचे त्यांनी मान्य करावे लागतात.

आता माझी चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी दिंडीचा कारभार माझ्याकडं होता. एका मुक्कामाची जागा मी बदलली. नवी जागा रस्त्याकडंला होती, ट्रक सरळ आत जायचा, तंबू लवकर लागायचे. स्वैपाकाच्या बायकांनी सांगितलं होतं, "महाराज, तिथनं पाणी लांब हाय, वाट निसरडी हाय." मी म्हणालो, "आता ठरलंय." रात्री पाऊस आला. पहाटे अंधारात घागर घेऊन जाताना आपली एक मावशी घसरली, खुब्याचं हाड मोडलं. तीस वर्षं वारी केलेली बाई. पुढं तिला चालत पंढरी घडली नाही. मी भेटायला गेलो तेव्हा ती काहीच बोलली नाही, चहा टाकायला सुनेला हाक मारली. तेवढंच माझ्या जिवाला लागलं. त्या बायकांचा टाळ वाजत होता. कीर्तनात मी रोज टाळकऱ्यांपुढं उभा राहतो, आणि तो टाळ मला ऐकू आला नाही.

कुणी म्हणेल, मग सगळ्यांनाच विचारत बसायचं का? नाही. निघायची वेळ सोहळ्याची, ती जो तो ठरवायला लागला तर दिंडी रस्त्यात फुटेल. चोप पाहिजेच. पण चोप वर करणाऱ्यानं कान उघडे ठेवले पाहिजेत, आणि टाळ वाजवणाऱ्यानं आपलं ऐकून घेतल्यावर टाळ थांबवला पाहिजे.

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं एक मागणं आहे. रोज रात्री जेवणं झाल्यावर, उद्याचं सांगायच्या आधी, विणेकऱ्यांनी सगळ्यांना विचारावं, कुणाची काही तक्रार आहे का? स्वैपाकाच्या बायकांना पहिलं विचारावं, मग तंबूवाल्याला, ट्रकच्या ड्रायव्हरला, नव्यानं आलेल्या पोराला. सगळ्यांचं ऐकल्यावर उद्याचं ठरवावं, आणि ठरलं की सगळ्यांनी ते पाळावं. मुक्कामाची जागा बदलायची असेल तर दोन बायकांनी आधी जाऊन ती पाहून यावी.

ती मावशी आज इथं समोर खुर्चीवर बसली आहे. तिच्यापुढं हे बोललो, माझं ओझं थोडं उतरलं. पुढच्या शंभर वर्षांत कुणा कारभाऱ्यावर असं बोलायची वेळ येऊ नये, एवढंच माउलींच्या चरणी मागतो.

रामकृष्ण हरि!